होर्ड म्हणजे राक्षस नव्हेत, आणि पोराला बाधाही झालेली नाही

परवा शिरोड्याहून मावशीचा फोन आला, तो रडतच. नातवाचा लॅपटॉप कपाटात कुलूपबंद झाला होता, खेळातलं त्याचं पात्र त्याच्याच हाताने पुसायला लावलं होतं, आणि सकाळी आरवलीला जाऊन वेतोबासमोर गाऱ्हाणंही घालून झालं होतं. हे सगळं कशावरून? तर नात्यातल्या ग्रुपवर आलेल्या एका लांबलचक मेसेजवरून. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात अलायन्स ही देवांची सेना आणि होर्ड ही राक्षसांची, असं त्यात म्हटलंय. होर्ड निवडणाऱ्या मुलाच्या मनात राक्षस घर करतो. त्यातले फॉरसेकन ही प्रेतं, ती खेळली की घरात बाधा शिरते. आणि एकदा पक्ष घेतला की समोरच्याचा द्वेषच शिकवला जातो. शेवटी दहा जणांना पाठवा, हे आहेच. मला तो आत्तापर्यंत चार ठिकाणांहून आलाय. हा खेळ मी पंधरा वर्षं खेळतोय, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो एक दिवसही उघडलेला नाही हे दुसऱ्याच ओळीत कळतं.

आधी राक्षसांचं बघू. या जगात खरे राक्षस आहेत, पण ते होर्डमध्ये नाहीत. त्यांची फौज वेगळी, तिचं नाव बर्निंग लीजन, आणि ती दोन्ही पक्षांच्या मुळावर उठलेली. होर्डमधले ऑर्क हे ड्रेनॉर नावाच्या दुसऱ्या जगातले लोक. त्यांच्यातल्याच गुलडानने सत्तेसाठी सौदा केला आणि टोळ्यांच्या म्होरक्यांना मॅनोरॉथ या राक्षसाचं रक्त पाजलं. ड्यूरोटानने मात्र ते प्यायला नकार दिला. त्याचाच मुलगा थ्रॉल माणसांच्या कैदेत गुलाम म्हणून वाढला, सुटला, छावण्यांत खितपत पडलेल्या ऑर्कांना सोडवून समुद्रापार घेऊन गेला आणि नव्या भूमीला त्याने बापाचं नाव दिलं, ड्यूरोटार. मेसेजवाल्याने याच मालिकेतल्या, 2002 साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या आधीच्या खेळाची मोहीम एकदा पाहावी, एवढंच पुरेल. ज्याने सगळ्यांत आधी ते रक्त प्यायलं होतं, तो ग्रॉम हेलस्क्रीम शेवटी त्याच मॅनोरॉथला मारताना स्वतः मरतो आणि आपल्या लोकांचा शाप तोडतो. मग हायजल पर्वतावर ऑर्क, माणसं आणि जंगलवासी नाइट एल्फ एकत्र उभे राहून लीजनला थोपवतात.

आणि त्याच मोहिमेत सख्ख्या बापाला सिंहासनापुढे तलवारीने मारणारा कोण? ऑर्क नव्हे. माणसांच्या लॉर्डेरॉन राज्याचा राजपुत्र आर्थस, सोनेरी केसांचा, अलायन्सचा लाडका.

रूपावरून ठरवायचं म्हटलं तर शिंगं, खूर आणि शेपटी असलेले ड्रेनाय कुठे आहेत? 2007 पासून अलायन्समध्ये, आणि खेळातले सगळ्यांत भाविक लोक तेच. जत्रेत रात्रभर दशावतारात राक्षस होऊन तलवार फिरवणारा माणूस उजाडल्यावर घरी जातो, तो राक्षस होऊन जातो का?

आता बाधेचं. माझा खरा राग या मुद्द्यावर आहे, कारण यापायी पंधरा वर्षांचा मुलगा चार दिवस कुणाशी धड बोललेला नाही. फॉरसेकन म्हणजे टाकून दिलेले. आर्थसने मारलेली, मग काळ्या विद्येने उठवून आपल्याच माणसांवर सोडलेली ही साधी माणसं. सिल्व्हानस ही एल्फांची सेनानी शहर वाचवताना त्याच्याच हातून मेली आणि तिचंही त्याने तेच केलं. पुढे या उठवलेल्या मेलेल्यांवर हुकमत चालवणाऱ्या लिच किंगची पकड ढिली पडली तेव्हा तिला आपलं मन परत मिळालं, आणि तिने असे सुटलेले गोळा केले. जिवंत नातलग त्यांना दारात उभं करेनात. होर्डने जागा दिली, तीही होर्डमधल्याच, बैलासारख्या दिसणाऱ्या टॉरेन लोकांनी रदबदली केली म्हणून. यांच्यावर काही उपाय निघेल अशी त्यांना आशा होती.

मावशीच्या नातवाने जे पात्र घेतलं होतं ते डेथनेलच्या स्मशानात जागं होतं. तिथे लिलियन व्हॉस नावाची मुलगी भेटते. आपण मेलोय हेच तिला मान्य नाही. खेळणाऱ्याचं काम एवढंच, तिच्यासमोर आरसा धरायचा. ती स्वतःला बघते आणि पळून जाते. फोनवर तो मला म्हणाला, “काका, मी आरसा धरायलाच नको होता.” गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने ड्यूरोटानपासून थ्रॉलपर्यंतची वंशावळ देवनागरीत काढलीय, आणि खाली लिलियनचं नाव लिहून प्रश्नचिन्ह. याला बाधा म्हणतात?

मावशीला मी एवढंच विचारलं, की वेतोबा कोण? भुतांचा राजा. आणि गावाचा राखणदारही तोच. त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला झिजतात, कारण रात्री तो गावाची राखण करत फिरतो, हे लहानपणी तिनेच मला सांगितलं होतं. ज्या मातीत भुतांच्या राजाला केळी ठेवून हात जोडतात, तिथे मेलेल्या माणसाची गोष्ट ऐकून मूल बिघडतं, हे आपल्याला कुणीतरी परगावाहून मेसेजमध्ये शिकवायचं?

द्वेषाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. 2018 मध्ये याच सिल्व्हानसने, तेव्हा ती होर्डची प्रमुख होती, टेलड्रासिल हे नाइट एल्फांचं वस्तीचं झाड माणसांसकट जाळलं. होर्ड खेळणाऱ्या आम्हाला ते सहन झालं नाही. पण त्याच कथेत तिच्याविरुद्ध उठला तो सॉरफँग, होर्डचाच म्हातारा ऑर्क, आणि होर्डच्या राजधानीच्या, ऑर्ग्रिमारच्या वेशीवर तिच्याशी एकट्याने लढून मेला. 2022 पासून तर दोन्ही पक्षांचे खेळाडू एकाच गटात मोहिमांवर जाऊ शकतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणं वाईट, हे मी स्वतः त्याला बजावलंय. पण मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

काढलेलं पात्र परत आणायची सोय खेळात असते. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, कपाटाची किल्ली दिली की मीच करून देणार आहे.

फोन ठेवता ठेवता मावशीने विचारलं, “मगे त्या बाईचा काय झाला? झाड जाळल्यान तिचा?”

मी सांगितलं. नरकात अडकलेला एकेक आत्मा शोधून सोडवायचा, ही शिक्षा तिला मिळाली. आणि ती सुनावली कोणी? ज्यांचं झाड जळलं, त्या नाइट एल्फांच्या प्रमुख पुजारिणीने.

“बरा केल्यान,” मावशी म्हणाली.