पार्सलमधली चटणी

लेक जीआरईला, परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला, बसणार, म्हणजे अभ्यास तिने करायचा आणि फी आपण भरायची, एवढंच मी धरून चाललो होतो. पण त्यातले इंग्रजी शब्द पाठ करायला समोर 'विचारणारा' लागतो, आणि घरात निवृत्त माणूस मी एकटाच. त्यामुळे सकाळी पोह्यांच्या आधी हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा येतो.

'गॅर्युलस?'
'बडबड्या.'
'लोक्वेशियस?'
'बडबड्या.'
'व्हर्बोस?'
'पाल्हाळ लावणारा.'

हवापाण्यापलीकडे फारसं बोलत नाहीत अशी ज्यांची ख्याती, त्या इंग्रजांना बडबडीसाठी एवढे शब्द कशाला लागले, देव जाणे. गप्प बसणाऱ्यांचीही चंगळच आहे: रेटिसंट, लॅकॉनिक, टॅसिटर्न. 'टॅसिटर्न म्हणजे ताशी एकदा तोंड उघडणारा,' अशी मी युक्ती काढली. तिच्या ती पक्की डोक्यात बसली आणि मग मला चेवच चढला. पेन्युरियस म्हणजे पेनसुद्धा उसनं न देणारा. पार्सिमोनियस म्हणजे पार्सलमध्ये चटणी कमी घालणारा.

'बाबा, पण फ्रूगल वेगळा हं. तो काटकसरी. चांगल्या अर्थाने.'
'म्हणजे मी. आणि तुझा मामा पार्सिमोनियस.'
स्वयंपाकघरातून आवाज आला, 'उलट लिहून घे गं!'

एवढं करून नुसता अर्थ येऊन भागत नाही. वाक्यात एक गाळलेली जागा, खाली सहा शब्द, त्यातले दोन निवडायचे. दोन्ही त्या जागी बसले पाहिजेत आणि वाक्याचा अर्थही सारखाच निघाला पाहिजे. एक बरोबर, एक चूक, तर गुण शून्य. आपल्याकडे पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी लग्न उरकतं! त्यात परीक्षा घेणारे पक्के बेरकी. एक शब्द जागेवर चपखल बसतो, पण त्याला जोडीदारच नसतो. दुसरीकडे दोन समानार्थी शब्द गळ्यात गळे घालून बसलेले, पण त्यांचा वाक्याशी काही संबंध नाही. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड केली म्हणे, शाब्दिक विभागात २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. मला तेवढा वेळ चष्मा शोधायला लागतो.

बरं, पाठ केलेलं टिकावं तर तेही नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने स्वतः निरर्थक अक्षरं घोकून माणूस किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली पुस्तक काढलं. निरर्थक अक्षरं मुद्दाम तयार करण्याचे त्याचे कष्ट वाचले असते. आमच्याकडचा गठ्ठा दिला असता. सोमवारी तोंडपाठ असलेला 'ऑब्स्ट्रेपरस' गुरुवारी लेकीकडे अशा नजरेने बघतो, की जन्मात कधी भेट झाली नव्हती.

तिचं हळूहळू बस्तान बसतंय. सराव परीक्षेत गुण वाढताहेत. वाट लागली ती माझी. हे शब्द आता वेळी-अवेळी तोंडातून निसटतात. परवा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर अखंड बोलत होते. न राहवून मी म्हटलं, 'साहेब, तुमचं भाषण फार व्हर्बोस आहे.' त्यांनी हात जोडले, 'आपल्यासारखे जाणकार श्रोते असले की बोलायला हुरूप येतो,' म्हणाले, आणि टाकीवरून लिफ्टच्या विषयाकडे वळले.