‘साधं डी चं सी करता आलं नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: जुनी डिस्क काढल्यावर सी ड्राइव्हच गायब झाला आणि बिलिंग बंद पडलं. ‘डी चं सी करून द्या’, म्हणजे विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याचं अक्षर बदलून द्या, म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘होत नाही’ एवढंच सांगून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी दोन दिवस मशीन ठेवून ८०० रुपये घेतले, तरी अक्षर डी ते डीच. यातलं काहीही खोटं नाही. पण ते दोन दिवस कशात गेले, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. जुनीवर विंडोज एक्सपी होतं, तिचं अक्षर सी. पूर्वी कोणीतरी ते एक्सपी चालू असतानाच त्यातून विंडोज ७ चा सेटअप चालवला आणि दुसऱ्या डिस्कवर टाकला. असं केलं की एक्सपीला ती डिस्क ज्या अक्षराने दिसते, तेच अक्षर नवं विंडोज स्वतःसाठी धरून ठेवतं. डीव्हीडीवरून मशीन सुरू करून (म्हणजे बूट करून) टाकलं असतं तर सी मिळालं असतं. पुढे त्याच विंडोज ७ चं अपग्रेड होऊन विंडोज १० झालं, पण डी कायम राहिलं. जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा, वाढत होते म्हणून ती काढावीच लागली. मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सही तिच्यावरच होत्या, त्या आम्ही दुसऱ्या डिस्कवर बनवून दिल्या. तुमचं बिलिंगचं फोल्डरही डी वर कॉपी केलं.

आता अक्षराचं. पेन ड्राइव्हचं अक्षर विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमधून अर्ध्या मिनिटात बदलतं. ज्या पार्टिशनवरून (डिस्कच्या भागावरून) विंडोज चालू आहे त्याचं मात्र तिथून बदलता येत नाही, विंडोजच नकार देतं. कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ठिकठिकाणी डी पासूनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो: सर्व्हिसेस, ड्रायव्हर, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर, आणि पासवर्ड टाकल्यावर लगेच चालणारी युजरइनिट नावाची फाइलसुद्धा. तुम्ही घरी व्हिडिओ बघून रजिस्ट्रीच्या माउंटेड डिव्हायसेसमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरांच्या यादीत, डी चं सी केलंत. ती जागा बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टनेही ती पद्धत दिली आहे, पण उलट कामासाठी: काही कारणाने विंडोजचं अक्षर बदललं असेल तर मूळचं परत आणायला. जिथे अक्षर बदललेलंच नाही तिथे हे करू नका, मशीन कदाचित सुरूच होणार नाही, असा इशाराही तिथेच आहे. तुमच्याकडे तेच झालं. पासवर्ड घेतला, मग काळी स्क्रीन आणि माउसचा बाण. युजरइनिट डी वर शोधली जात होती आणि डी नावाचं काही उरलंच नव्हतं.

पहिला पूर्ण दिवस बॅकअपला गेला. खराब होत चाललेली जुनी डिस्क सोडली तर तुमची वर्षानुवर्षांची बिलं त्या एकाच डिस्कवर होती, त्यांची दुसरी कॉपी हातात आल्याशिवाय मी रजिस्ट्रीला हात लावू दिला नाही. ते मी पुन्हाही तसंच करेन. दुसऱ्या दिवशी विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलं, शिफ्ट आणि एफ १० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला, रजिस्ट्री एडिटरमध्ये तुमच्या डिस्कवरची रजिस्ट्रीची ‘सिस्टिम’ नावाची फाइल लोड केली आणि सी चं पुन्हा डी केलं. तो बदल खरंच दोन मिनिटांचा. डेस्कटॉप दिसला तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

चूक आमची कुठे झाली, तेही सांगतो. ‘तुम्हाला सी कशाला हवंय?’ हे आम्ही एकदाही विचारलं नाही. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर सी वरच डेटा शोधतं, हे मला तुमचा रिव्ह्यू वाचून कळलं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यासाठी विंडोजचं अक्षर बदलायची गरजच नाही. आता सी मोकळं आहे. डिस्कमधून १० जीबीचं वेगळं पार्टिशन काढायचं, त्याला सी अक्षर द्यायचं आणि बिलिंगचं फोल्डर तिथे जुन्याच नावाने ठेवायचं. विंडोज डी वर राहील, बिलिंगला त्याचा सी मिळेल. नको असेल आणि विंडोजच सी वर हवं असेल, तर नव्याने विंडोज टाकावं लागेल आणि सगळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागतील. माझं मत विचाराल तर आत्ता ते करू नका.

सर, फक्त सीपीयू घेऊन या, मॉनिटर आणायची गरज नाही. मी स्वतः बसून करून देईन, त्याचे पैसे नाहीत, आणि आधीचे ८०० रुपयेही परत देईन. व्हिडिओच्या नादाला तुम्ही लागलात ते आमच्या ‘होत नाही’ मुळेच. काउंटरवरच्या मुलाशी मी बोललो आहे. तो मनाने चांगला आहे, फक्त कारण सांगायचं राहून गेलं.

येताना बिलाचा प्रिंटरही आणा, दुकानातच एक बिल छापून बघू. तुमची जुनी डिस्क आमच्याकडे पाकिटात नीट ठेवली आहे, तीही घेऊन जा आणि सगळ्या वर्षांची बिलं उघडून बघेपर्यंत टाकून देऊ नका.

दुकानाचा मालक