परदेशातून : आठवीतल्या पोरीला बासरीच कशाला?

गणपती झाले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू झाला. मिरजेला दादाच्या घरापुढून मिरवणूक जाते, बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत, डॉल्बी सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि बाबांची छाती धडधडायला लागते, त्यामुळं ते चिडले तर त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण यंदा बोलता बोलता विषय डीजेवरून सरकला आणि माझ्या भाच्यावर आला. तो नववीत आहे, लॅपटॉपवर बीट्स बनवतो, हेडफोन घालून आपल्या खोलीत बसतो, कुणाला काही त्रास नाही. बाबांनी लिहिलं, हे संगीतच नव्हे, नुसता यंत्राचा आवाज, यात सूर कुठं आहे? काकांनी लगेच अंगठा दिला, आत्यानं दहावीची आठवण करून दिली, आणि शेवटी दादा म्हणाला की तिकडं अमेरिकेत तर सगळीकडं हेच चालतं, हिला विचारा, हिची लेक पण त्याच वयाची आहे.

विचारलंच आहे तर सांगते. ग्रुपवर एवढं मोठं लिहिता येत नाही म्हणून इथं लिहितेय.

मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीत बाहेर बर्फ पडत होता आणि मी नि माझी लेक सोफ्यावर बसून 'एट्थ ग्रेड' नावाचा सिनेमा बघत होतो. सिनेमा 2018 चा, म्हणजे तो आला तेव्हा ही बरीच लहान होती, आता ती स्वतःच आठवीत म्हणून मुद्दाम काढला. गोष्ट तशी काहीच नाही. केला नावाची तेरा वर्षांची मुलगी, आठवीचा शेवटचा आठवडा. घरी ती स्वतःचे व्हिडिओ करून लोकांना सल्ले देते, आत्मविश्वास कसा ठेवायचा, स्वतःसारखं कसं राहायचं वगैरे, ते व्हिडिओ कुणी बघत नाही, आणि शाळेत मात्र पोरं तिला 'सगळ्यात गप्प' म्हणून निवडतात. वडील एकटेच तिला सांभाळतात, जेवताना तिच्याशी बोलायचा प्रयत्न करतात आणि ती कानातले हेडफोन काढायला तयार नसते. म्हणायला कॉमेडी आहे, आम्ही हसलोही भरपूर, पण मधेमधे माझ्या पोटात गोळा येत होता.

आणि तो गोळा आणत होतं संगीत. सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, सिंथेसायझरचं. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. वर्गातल्या एका भाव खाणाऱ्या मुलीच्या वाढदिवसाला, तिच्या आईच्या आग्रहामुळं, केलाला बोलावणं येतं. पोहण्याच्या तलावावर पार्टी. केला बाथरूममध्ये हिरवा स्विमसूट घालते, तिथं तिचा श्वास कोंडतो, हातपाय गळतात, मग कशीबशी सावरून ती काचेच्या दारापाशी येऊन उभी राहते. बाहेर पोरं पाण्यात दंगा करतायत, त्यात भीतीदायक असं काहीही नाही. पण संगीत असं काही चढत जातं, खालून घुमत, एकावर एक थर चढत, की आपण एखाद्या सैन्यापुढं एकटे उभे आहोत असं वाटतं. तिला आवडणारा मुलगा पडद्यावर आला की तेच, एकदम दणका. दुसऱ्या कुठल्या सिनेमात इथं काय वाजलं असतं? गिटारचे दोन गोड सूर, घंटीसारखा किणकिण आवाज, म्हणजे मोठ्यांनी गालात हसून म्हणायचं, अगं बाई, किती गोड, किती वेडं वय असतं नाही! दिग्दर्शक बो बर्नहॅमला नेमकं हेच नको होतं. तो स्वतः 2006 मध्ये, शाळेत असताना, आपल्या खोलीत बसून यूट्यूबवर गाणी टाकायला लागलेला मुलगा, त्यामुळं खोलीत एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलणं म्हणजे काय हे त्याला बाहेरून शिकावं लागलं नसणार. तेरा वर्षांच्या पोरीला तलावाची पार्टी ही पार्टी वाटतच नाही, तिला ती जिवावरची गोष्ट वाटते. संगीत तिच्या बाजूनं उभं राहतं, आपल्या बाजूनं नाही.

हे संगीत केलंय ॲना मेरेडिथ या स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या संगीतकार बाईंनी. बाबा, हे खास तुमच्यासाठी लिहितेय. या बाई काही 'बटणं दाबणाऱ्या' नव्हेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या, स्वतः क्लॅरिनेट वाजवणाऱ्या, बीबीसीच्या स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्राच्या निवासी संगीतकार, म्हणजे काही काळ त्या वाद्यवृंदासाठी रचना करणाऱ्या. 2012 मध्ये त्यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्रासाठी एक रचना केली, त्यात त्या पोरापोरींच्या हातात एकही वाद्य नाही, नुसत्या टाळ्या, पाय आपटणं, छातीवर हात मारणं आणि तोंडानं काढलेले आवाज. म्हणजे ज्या बाईला अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिता येतं, जिला वाद्यांशिवायही संगीत करता येतं, तिनं या मुलीसाठी विचार करून यंत्र निवडलं. त्याच वर्षीची त्यांची 'नॉटिलस' नावाची जुनी रचनासुद्धा या सिनेमात वापरलीय, ती भाच्याला ऐकवा आणि तुम्हीही ऐका, एकच सुरावट पायऱ्या चढल्यासारखी वर वर जात राहते, आणि तुमचा ताना-पलट्यांचा कान तिला लगेच पकडेल याची मला खात्री आहे.

आता आपल्याकडचं. आपल्याकडं शाळकरी वयावर चांगले सिनेमे झालेत, मी सगळे बघितलेत, काही दोनदोनदा. 'शाळा' आणीबाणीच्या काळातला, 'बालक-पालक' जुन्या चाळीतला, 'टाइमपास' नव्वदच्या दशकातला. प्रत्येक वेळी माझे डोळे भरून आले, आणि प्रत्येक वेळी लेक शेजारी बसून विचारत होती की आई, लँडलाइनवर फोन करायला एवढं काय घाबरायचं? तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सिनेमे पोरांबद्दलचे आहेत पण पोरांसाठीचे कमी, ते माझ्यासाठी आहेत, माझ्या वयाच्या माणसाच्या आठवणीसाठी. आठवण म्हटलं की बासरी आली, व्हायोलिन आलं, संध्याकाळचा पिवळा उजेड आला. त्यात वाईट काही नाही, पण आज मिरजेत आठवीत असलेली पोरगी कुठंय त्यात? जी सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री पांघरुणात मोबाईल, आणि कुणी तिच्या फोटोवर काही लिहिलं तर चार दिवस जेवत नाही, तिच्या छातीतली धडधड कुठल्या बासरीत बसणार?

'सैराट'चं नाव इथं घ्यायलाच पाहिजे. नागराज मंजुळेंनी ती पोरं आजची घेतली आणि अजय-अतुलनी त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं. करमाळ्याकडच्या, उसाच्या फडातल्या, विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यवृंद! तेव्हा कोण म्हणालं की हे आपलं नाही? कुणीच नाही, कारण ऐकणाऱ्याला आतून कळलं की त्या वयात प्रेम एवढंच मोठं वाटतं. माझं म्हणणं तेच आहे. तिथं व्हायोलिनं होती आणि इथं सिंथेसायझर आहे, पण दोन्हीकडं पोरांची भावना पूर्ण मापानं घेतलीय, लहान करून नाही. वाद्य कुठलं हा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

आणि यंत्राचं म्हणाल तर मला आपल्याच घरातलं बोलावं लागेल. आम्ही मिरजेचे. पंढरपूरकडचे भोपळे येऊन जिथं तंबोरे होतात ते गाव, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं ते गाव, जिथं दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्ररात्र गाणं चालतं. लहानपणी सतारमेकर गल्लीतून शाळेला जाताना तारा जुळवण्याचे आवाज ऐकत मी मोठी झाले. आणि तरी बाबा, तुमचा पहाटेचा रियाज गेली कित्येक वर्षं कशावर चाललाय? कपाटावरच्या त्या डब्यावर, बटण लावलं की षड्ज-पंचम सुरू. तो तंबोरा इलेक्ट्रॉनिकच आहे. इथं आमच्याकडं तर तोही नाही, लेक शनिवारी सकाळी पुण्याच्या गुरुजींकडं ऑनलाइन शिकते आणि तंबोरा तिच्या फोनमध्ये असतो, कारण भोपळ्याचा तंबोरा विमानातून आणायचा म्हणजे जीव मुठीत धरायचा. खरा तंबोरा खराच, त्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, त्या डब्यात येत नाही, हे मला मान्य आहे आणि ती बनवणारे हात टिकावेत असं मला मनापासून वाटतं. पण त्या डब्यावर लागलेला तुमचा सूर खोटा आहे असं मी कधी म्हणणार नाही, आणि म्हणूनच नातवाच्या लॅपटॉपला तुम्ही खोटं म्हणालात ते मला लागलं.

शिवाय हे सगळं तिकडून इकडं आलं असंही नाही. 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंग नावाच्या, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्या वादकानं रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेतली आणि तोडी, मालकंस, यमन असे दहा राग त्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती चालली नाही, कुणी लक्षच दिलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक चकित झाले की ॲसिड हाउस नावाच्या नाचाच्या संगीतातले जे आवाज आपण शिकागोचे म्हणून सांगत होतो, ते त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत एका माणसानं रागातून काढलेत. मला याचा अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं, कारण त्यांना मान मिळेपर्यंत ते सत्तरीचे झाले होते आणि 2015 मध्ये ते गेलेही. आपल्या घरातल्या नववीतल्या पोरानं तेवढी वाट का बघायची?

डीजेचं म्हणाल तर त्यात मी पूर्ण बाबांच्या बाजूनं आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल लिहिलंय, मिरवणुकीत किती असतो ते कानाला विचारा. ते थांबलंच पाहिजे, त्यात परंपरा, उत्साह असली कारणं मला पटत नाहीत. पण तो दोष आवाज किती ठेवला याचा आहे. ढोल-ताशा छातीवर येऊन वाजवला तरी म्हाताऱ्या माणसाला त्रास तोच होतो. भिंतीएवढे स्पीकर लावणारी मंडळं आणि हेडफोनमध्ये एक बीट चार दिवस घासत बसलेला पोरगा यांना एका टोपलीत टाकू नका, एवढंच.

आता इकडचं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाहीच आहे. याच सिनेमात केलाच्या शाळेत बंदूकवाला आला तर काय करायचं याची तालीम होते, पोरं बाकाखाली लपलेली असतात आणि त्यांना तो नेहमीचाच तास वाटतो. माझी लेक तो प्रसंग बघताना हललीसुद्धा नाही, मी मात्र उठून पाणी प्यायला गेले. तिच्याही शाळेत ती तालीम होते. आणि केलाचा एकटेपणा इथं घराघरात आहे, प्रत्येकाची खोली वेगळी, दार बंद. माझ्या भाच्याला निदान शेजारी चुलत भाऊ आहे, खाली चहाची टपरी आहे, आजोबा चिडायला का होईना पण दाराशी येतात. माझ्या लेकीच्या दाराशी मी एकटीच असते.

सेन्सॉरचं पण तसंच, इकडंही शहाणपण आहेच असं नाही. आठवीतल्या मुलीवरच्या या सिनेमाला इथं 'आर' दिलं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही, कारण त्यात शिव्या आहेत आणि लैंगिक विषय निघतो. ज्यांची गोष्ट त्यांनाच बघायला बंदी! मग वितरक कंपनीनं, 'ए ट्वेंटीफोर'नं (A24), 8 ऑगस्ट 2018 ला प्रत्येक राज्यात एका थिएटरात फुकट खेळ ठेवला आणि तिथं वयाची अट लावली नाही, ते मला फार आवडलं. आपल्याकडं 'ए' मिळालं तर अठराखालच्या मुलाला आईबापासोबतसुद्धा जाता येत नाही. आता 2024 पासून सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगळे गट आलेत, त्यात पालकांवर सोपवलंय, हे मला इकडच्यापेक्षाही बरं वाटतं, फक्त पालकांनी मग शेजारी बसायला पाहिजे.

शेजारी बसणं सोपं नाही हे मी सांगू शकते. सिनेमात एक प्रसंग आहे, रात्रीची वेळ, गाडीत मागच्या सीटवर केला आणि तिच्यापेक्षा मोठा, अकरावी-बारावीतला मुलगा, तो खेळ खेळण्याच्या नावाखाली तिला नको ते करायला लावू बघतो. ती नाही म्हणते आणि नंतर वर त्याचीच माफी मागत राहते. माझा हात आपोआप रिमोटकडं गेला आणि मी सिनेमा थांबवला. लेकीनं पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "आई, थांबवू नको ना, हेच तर बघायचंय." मी परत लावला. त्या रात्री ती माझ्याशी दीड तास बोलली, तिच्या बसमधल्या एका गोष्टीबद्दल, जी मला आधी माहीतच नव्हती.

हे सगळं मी थोडक्यात ग्रुपवर टाकलं होतं, दोन दिवस कुणीच काही बोललं नाही. मग बाबांचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. "नॉटिलस ऐकलं. फार मोठ्यानं आहे पण आरोह बरोबर आहे. तो सिनेमा याच्याबरोबर बसून बघितला तर चालेल का?" मी बराच वेळ काय लिहावं ते ठरवत बसले, त्या गाडीच्या प्रसंगाबद्दल आधी सांगावं की नाही, बाबा नातवासमोर अवघडतील की नातूच उठून जाईल. शेवटी सांगितलं, तो प्रसंग कसा आहे ते नीट लिहिलं, आणि खाली एवढंच, "बघा बाबा, पण मधे थांबवू नका."