आमचं उत्तर: 18 किलो खरं की 34?

नमस्कार सर. तुमच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या खुब्याच्या ताकदीच्या (पाय बाजूला उचलून जोर लावायच्या) टेस्टबद्दल तुमचे आक्षेप असे: आमच्याकडे 18 किलो, दुसरीकडे 34; जिममध्ये तो 60 लावतो; चार-चार वेळा तेच करायला लावलं; आणि डाव्या-उजव्यातला 12 टक्के फरक दाखवून उपचाराची सेशन गळ्यात मारली. तुम्ही स्वतः लिहिलेल्या आकड्यांवरच बोलतो, बाकीचा रिपोर्ट इथे उघड करणार नाही.

18 आणि 34 दोन्ही बरोबर असू शकतात. आम्ही डायनामोमीटरचं (जोर मोजणाऱ्या यंत्राचं) पॅड बाहेरच्या घोट्याच्या 5 सेंमी वर ठेवतो. काही ठिकाणी ते गुडघ्याच्या जरा वर ठेवतात. खुब्यापासून आमच्या पॅडपर्यंत 80 सेंमी धरले, तर 18 किलो म्हणजे 141 न्यूटन-मीटर (जोर गुणिले खुब्यापासूनचं अंतर). गुडघ्याजवळ 42 सेंमी धरले, तर 34 किलो म्हणजे 140. ताकद तीच. म्हणून किलो सोडा. न्यूटन-मीटर भागिले शरीराचं वजन, हा आकडा पाहा. दुसऱ्या रिपोर्टवर पॅडची जागा लिहिलेली नसेल, तर तुलना करताच येत नाही.

जिमचं मशीन वेगळंच. तिथे बसून, खुबा वाकवून, दोन्ही पायांनी जोर लागतो, आणि पुलीमुळे 60 चे खरे किती हे मशीनगणिक बदलतं. आमच्याकडे कुशीवर झोपून एकाच पायाने, आणि पायाचं स्वतःचं वजनही उचलूनच.

चार वेळा का? एक सराव, मग 5 सेकंदांच्या तीन ट्रायल, मध्ये 30 सेकंद विश्रांती. पाय किंचित पुढे आला किंवा कंबर मागे कलंडली, की खुब्याच्या पुढच्या बाजूचा टीएफएल स्नायू काम उचलतो आणि ग्लूटिअस मीडिअसचा, म्हणजे पाय बाहेर नेणाऱ्या मुख्य स्नायूचा, कमकुवतपणा झाकला जातो. अशी ट्रायल रद्द करून पुन्हा घेतो. पॅड हाताने न धरता बेल्टने बांधतो, कारण दणकट खेळाडूपुढे तपासणाऱ्याचाच हात हटतो आणि आकडा कमी येतो.

12 टक्के हा काठावरचा फरक आहे. नुसत्या तेवढ्यावर सेशन लागत नाहीत. कबड्डीत आम्ही पाय आत ओढणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या ताकदीचं प्रमाण जास्त गांभीर्याने घेतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या आइस हॉकीच्या अभ्यासात आतली ताकद बाहेरच्या 80 टक्क्यांहून कमी असलेल्यांना जांघेचा स्नायू ताणला जाण्याची शक्यता 17 पट निघाली होती. हॉकी म्हणजे कबड्डी नव्हे, पण रेडरचा पाय पकडीत फाकतो तेव्हा भार याच आतल्या स्नायूंवर येतो.

दोन्ही रिपोर्ट घेऊन या, फेरतपासणीचे पैसे घेणार नाही. आधीचे 48 तास पायांचा जोरदार व्यायाम नको. जांघ दुखत असेल तर आधी सांगा. दुखऱ्या पायाचा आकडा ताकदीचा नसतो, दुखण्याचा असतो.