नेमबाजाचे कान आणि कापसाचा बोळा : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमधल्या हौशी नेमबाजांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: इअरमफ (कान बाहेरून झाकणारे डबे) आणि इअरप्लग (कानाच्या आत घालायचे बूच) हे विक्रेत्यांनी उभे केलेले खूळ आहे, एअर रायफलला त्यांची गरज नाही, आणि पॉइंट टू टूच्या (.२२ इंची, बारुदावर चालणाऱ्या) रायफललाही नाही, देवळालीच्या तोफा ऐकत लहानाचे मोठे झालेल्यांचे कान मुळातच तयार असतात, फारच वाटले तर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो, ज्याला विकतच घ्यायचे असेल त्याने खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून घ्यावे, ही साधने घातली की डोके दुखते, घामाच्या धारा लागतात, रायफल गालाला नीट लागत नाही आणि रेंज ऑफिसरची सूचना ऐकू येत नाही, म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेली वस्तूच धोक्याची ठरते, ऑलिम्पिक पदकविजेतेही कानाला काही लावत नाहीत, आणि जुने नेमबाज आजही ठणठणीत ऐकतात. संदेश लिहिणारा हुशार आहे, कारण त्याने मांडलेल्या तक्रारींपैकी काही अगदी खऱ्या आहेत. त्या तक्रारींवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत, म्हणून एकेक मुद्दा वेगळा करून पाहणे आवश्यक वाटते.

सर्वांत सोपा मुद्दा आधी निकालात काढू. ऑलिम्पिकचा दाखला देताना संदेशासोबत तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांचे गाजलेले छायाचित्र जोडलेले आहे: साधा चष्मा, एक हात खिशात, डोक्यावर कसलेही अवजड साधन नाही. पॅरिस २०२४ मध्ये १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळवले. याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी आपल्याला कांस्यपदक मिळवून दिले. परंतु ते छायाचित्र मोठे करून पाहिले, तर दिकेच यांच्या कानात पिवळे इअरप्लग स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या सहकारी शेव्वल तरहान यांनी तर चांगले मोठे इअरमफ घातले होते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही फायरिंग लाइनवरच्या आणि तिच्या आसपासच्या सर्वांनी कानांना संरक्षण लावावे, असे आग्रहाने सांगितले आहे.

एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांच्याविषयी संदेश बऱ्याच अंशी बरोबर आहे, हे मान्य करायला हवे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या या शस्त्रांचा आवाज बारुदी शस्त्रांच्या मानाने फारच कमी असतो आणि तेथे नेमबाज कानाला जे लावतात ते मुख्यतः एकाग्रतेसाठी लावतात. गफलत होते ती पुढच्याच वाक्यात, कारण संदेशाने पॉइंट टू टूला एअर रायफलच्याच पंक्तीला बसवले आहे. पॉइंट टू टू रायफलचा शिखर आवाज, म्हणजे एका क्षणापुरता गाठलेला सर्वोच्च आवाज, नळीची लांबी आणि काडतूस यांनुसार १३० ते १४० डेसिबलच्या घरात जातो. त्याच काडतुसाच्या पिस्तुलाची नळी आखूड असल्याने तो आणखी वर चढतो. बारा बोअरची बंदूक (शॉटगन) आणि मोठ्या काडतुसांच्या रायफली १५० ते १७० च्या टप्प्यात असतात. डेसिबलचे माप गुणाकाराने चढणारे असते, म्हणजे दर २० डेसिबलला हवेतला दाब दहापट होतो. १४० डेसिबलला तो सुमारे २०० पास्कल असतो, तर १६० ला २००० पास्कल. कारखान्यांतील गोंगाटासाठी आपल्याकडे असलेल्या आदर्श नियमांच्या तक्त्यात शिखर १३० डेसिबलचे दिवसाला १००० ठोके चालतात, १४० चे फक्त १००, आणि त्यापलीकडे एकही नाही. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात, ज्यात स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला कांस्यपदक मिळवले, पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडायच्या असतात. त्यांत सरावाच्या गोळ्या मिळवल्या आणि शेजारच्या लेनमधून येणारे आवाजही धरले, तर एका सकाळीच ती शंभरी भरते. त्यातून रेंज बंदिस्त आणि पत्र्याच्या छपराची असेल, तर प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून पुन्हा कानावर येतो.

देवळालीच्या तोफांचा मुद्दा वाचून गंमत वाटली, कारण नाशिककराच्या अभिमानाला त्याने बरोबर हात घातला आहे. तोफखाना केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना खिडक्यांची तावदाने हादरण्याची सवय असते, यात शंका नाही. परंतु उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने एका मीटरवरून चार किलोमीटरवर जाईपर्यंत तो ७० डेसिबलहून अधिक घटतो आणि उरते ती खोल, घुमणारी गडगड. रायफलच्या नळीचे तोंड मात्र नेमबाजाच्या कानापासून जेमतेम एका मीटरवर असते. ज्या जवानांना तोफेपाशी उभे राहावे लागते, ते स्वतः कानांना संरक्षण लावतात, ही गोष्ट संदेशकर्त्याच्या नजरेतून सुटलेली दिसते.

कान ‘तयार’ होतात, या समजुतीला थोडा शास्त्रीय आधार असल्यासारखा भास होतो. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक बारीक स्नायू आक्रसतो आणि आत जाणारा आवाज काही प्रमाणात रोखतो. ढोल-ताशाच्या सलग गजरात ही व्यवस्था थोडीफार उपयोगी पडते. मात्र स्नायू आक्रसायला सेकंदाच्या काही शतांश भागांपासून दशांश भागापर्यंत वेळ लागतो आणि गोळीच्या आवाजाचे शिखर त्याच्या कितीतरी आधी, एखाद-दोन सहस्रांश सेकंदांत, कानाच्या आत पोहोचलेले असते. सरावाच्या पहिल्या आठवड्यात कानात वाजणारी शिट्टी पुढे जाणवेनाशी होते, त्याला लोक सवय म्हणतात. खरे तर अंतर्कर्णातल्या केसपेशी थकतात, काही काळ बधिर होतात आणि मग त्यांतल्या काही कायमच्या मरतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्वचेला घट्टा पडतो तसा घट्टा येथे पडत नाही.

कापसाच्या बोळ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कापूस सच्छिद्र असतो, हवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आवाजही जातो, आणि बंदुकीच्या आवाजापुढे त्याची रोधकता नगण्य असते. बोळा तेलात भिजवला तर कान बुजल्यासारखे वाटते, परंतु तेवढ्यावर विसंबता येत नाही; उलट ओलसर, तेलकट कानात बुरशी धरण्याची भीती असते आणि पावसाळ्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे असे रुग्ण हमखास येतात. रिकामी काडतुसे किंवा बोटे कानात घालण्याचे जुने प्रकारही याच मासल्याचे आहेत.

खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून घ्यावे, हा सल्ला या सर्वांत फसवा आहे, कारण तो काळजीपूर्वक दिल्यासारखा वाटतो. अमेरिकी बनावटीच्या साधनांवर, साधन किती डेसिबल आवाज अडवते हे सांगणारा एनआरआर नावाचा आकडा छापलेला असतो. फोमच्या प्लगवर तो ३३ पर्यंत जातो, इअरमफवर ३१ च्या आसपास थांबतो. युरोपीय साधनांवर त्याच कामाचा एसएनआर असतो, आणि तो निराळ्या पद्धतीने मोजलेला असल्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. एनआरआर प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली नीट बसवलेल्या साधनावर आणि सलग आवाजात मोजला जातो. प्रत्यक्षात तेवढा लाभ मिळत नाही, म्हणून अमेरिकेच्या निऑश या संशोधन संस्थेने इअरमफच्या आकड्यातून पाव हिस्सा आणि फोमच्या प्लगच्या आकड्यातून निम्मा हिस्सा वजा करावा, असे १९९८ मध्ये सुचवले होते. या हिशेबाने ३३ चा प्लग साडेसोळावर येतो, तर २५ चा इअरमफ एकोणीसच्या आसपास राहतो. म्हणजे छापील आकड्यात मागे असलेले साधन कानावर पुढे जाते. शिवाय दोन्ही एकत्र घातले तर आकड्यांची बेरीज होत नाही. दोहोंपैकी सरस साधनाच्या वर साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोहोचतो. बारा बोअर, मोठ्या रायफली आणि बंदिस्त रेंजवरचे बारुदी पिस्तूल यांच्यासाठी मात्र ती ५ डेसिबलची भरही सोडू नये.

फोमच्या प्लगचा निम्मा आकडा नेमका कोठे गळतो, हे रेंजवर कोणाचेही निरीक्षण केले तर कळते. बहुतेक जण प्लग चिमटीत किंचित दाबतात आणि कानाच्या तोंडाशी टेकवून सोडून देतात. त्याचा अर्धा भाग बाहेर डोकावत राहतो. खरी रीत अशी की, स्वच्छ आणि कोरड्या बोटांनी प्लग वळून सुरकुती न पडता बारीक सळईसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्यामुळे कानाची वाकडी नळी सरळ होते, मग प्लग आत सरकवून तो फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला असेल तर समोरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही आणि स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. तळहात दोन्ही कानांवर घट्ट दाबून पाहावेत. त्यामुळे बाहेरचा आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही, असे समजावे.

आता त्रासाच्या तक्रारी. त्या मी हसण्यावारी नेणार नाही, कारण न सोसवणारे साधन माणूस वारंवार काढतो आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या लेनमध्ये गोळी सुटते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा इअरमफच्या गादीखाली घाम साचणारच. पट्टी सैल केली की डोके दुखायचे थांबते, पण गादीही कानाभोवती टेकत नाही. नेमबाजीच्या चष्म्याची जाड काडी गादीखालून गेली की तेथे एक फट राहते आणि काही डेसिबलची रोधकता त्या फटीतून निघून जाते. टोपीची कड किंवा वेणीचा पेड मध्ये आला तरी तेच होते. रायफलवाल्यांची अडचण आणखी निराळी: गाल चीकपीसवर (दस्त्यावरच्या गाल टेकवायच्या भागावर) टेकवताच इअरमफचा उजवा डबा दस्त्याला लागतो, वर उचलला जातो, आणि मग एक तर डोक्याची ठेवण बिघडते, नाही तर कान उघडा पडतो.

परंतु या प्रत्येक अडचणीला उपाय आहे, आणि तो उपाय म्हणजे साधन टाकून देणे नव्हे. रायफल आणि शॉटगनसाठी प्लग किंवा चपट्या डब्यांचे इअरमफ घ्यावेत. पिस्तूलवाल्यांचा गाल कोठेच टेकत नसल्याने त्यांनी खुशाल जाड डबे वापरावेत. चष्म्याच्या काड्या पातळ आणि सरळ असाव्यात. गादीवर सुती आवरण चढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण घामाबरोबर ते आवाजालाही वाट देते. दोन फैरींच्या मध्ये, गोळीबार थांबल्याची सूचना झाल्यावर लाइनपासून दूर जाऊन गाद्या पुसून घेणे अधिक बरे. गाद्या कडक झाल्या किंवा त्यांना भेगा पडल्या की बदलाव्यात. उन्हात मोटारीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेल्या इअरमफच्या गाद्या लवकर जातात. लहान मुलांच्या आणि पुष्कळ स्त्रियांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांना नेहमीच्या मापाचा प्लग दुखतो. लहान मापाचा मिळतो, तो मागून घ्यावा. कानाचा साचा घेऊन करून घेतलेले प्लग तासन्‌तास सोसवतात, मात्र ते नीट बसवलेल्या फोमपेक्षा जास्त आवाज अडवतीलच असे नाही. त्यांची किंमत मोजायची ती आरामासाठी.

सूचना ऐकू येत नाही, हा आक्षेप निम्मा खरा आहे. संरक्षण गोळीच्या आवाजाबरोबर बोलण्याचाही आवाज कमी करते, म्हणून एअर रायफलच्या शांत हॉलमध्ये ३३ चा प्लग गरजेपेक्षा जास्त ठरतो आणि तेथे मध्यम क्षमतेचे साधन पुरते. बारुदी रेंजवर ध्वनिक्षेपक, लाल दिवा किंवा निशाण ही रेंजची जबाबदारी आहे. ती पार पाडण्याऐवजी नेमबाजाने कान उघडे ठेवावेत, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक इअरमफ बोलणे आत पोहोचवतात आणि मायक्रोफोनमधून आत सोडला जाणारा आवाज ८५ डेसिबलच्या आसपास अडवून धरतात; गोळीचा आवाज मात्र त्यांच्या डब्यांच्या रोधकतेएवढाच कमी होतो. हौशी नेमबाज आणि प्रशिक्षक यांच्यासाठी ते उत्तम आहेत. मात्र ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने हे लक्षात ठेवावे की, आवाज ग्रहण करणारे कोणतेही उपकरण असलेले साधन स्पर्धकाला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालत नाही, त्यामुळे सरावही साध्या साधनावरच करावा.

राहिले ते ठणठणीत ऐकणारे जुने नेमबाज. बंदुकीच्या आवाजाने होणारी हानी प्रथम उंच पट्टीच्या आवाजांत, ४००० हर्ट्‌झच्या आसपास दिसते, आणि उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याच्या डाव्या कानात ती बहुधा अधिक असते, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. या पट्टीतले ऐकणे गेले तरी हाक ऐकू येते, फोनची घंटा ऐकू येते, दारावरची टकटक ऐकू येते. अस्पष्ट होतात ती स, श, फ, ख यांसारखी व्यंजने, आणि तीही लग्नाच्या हॉलसारख्या गजबजाटात. म्हणून असा माणूस ‘मला ऐकू येते, लोकच पुटपुटतात’ असे प्रामाणिकपणे सांगतो. खरी स्थिती कळते ती ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत. ही चाचणी शहरातल्या कोणत्याही चांगल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे अर्ध्या तासात होते. मुलाच्या हाती पहिली बारुदी रायफल देण्यापूर्वी तिचा एक आलेख काढून ठेवावा आणि पुढे दरवर्षी नवा आलेख, विशेषतः डाव्या कानाचा, त्याच्याशी ताडून पाहावा.