'फीट्स' हा शब्द वाखेनिंगेनच्या फीट्सवरून आलेला नाही

सायकलीला डच भाषेत 'फीट्स' म्हणतात. वाखेनिंगेन गावात ई. सी. फीट्स नावाचा गाडे बनवणारा कारागीर सायकली विकत व भाड्याने देत असे, गिऱ्हाइके त्याचेच नाव वाहनाला देऊ लागली आणि तोच शब्द देशभर पसरला, अशी हकीकत वारंवार सांगितली जाते. माणूस खरा आहे, धंदाही खरा आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला आधार उच्चारसाम्याचा. रोमन लिपीत आडनावाचे आद्याक्षर 'व्ही' आणि सायकलीच्या शब्दाचे 'एफ' असले, तरी डच तोंडी 'व्ही' बहुधा 'फ' च्या जवळ जाते, त्यामुळे साम्य निर्विवाद आहे. पण साम्याने केवळ शक्यता सिद्ध होते.

दुसरा आधार धंद्याचा, आणि खरी अडचण इथेच आहे. फीट्सचा सायकलींशी संबंध 1880 च्या सुमारास आला, तर हा शब्द आपेलडोर्न भागात 1870 च्या सुमारासच बोलला जात असल्याचे सांगितले जाते. शब्द दुकानाच्या आधीचा असेल, तर दुकानदार त्याचा जनक कसा ठरेल?

विक्रेत्याचे नाव वस्तूला चिकटते, हा तिसरा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे. आपल्याकडे डालड्याचे नाव साऱ्या वनस्पती तुपाला चिकटलेच. पण डालड्याचे डबे घरोघरी पोहोचले होते. एका गावातल्या कारागिराचे नाव देशभर कोणत्या वाटेने गेले, हे या हकिकतीत कोणी सांगत नाही. शिवाय 1883 मध्ये स्थापन झालेल्या डच सायकलस्वारांच्या संघटनेने आपल्या नावात 'वीलरायडर', म्हणजे चाकस्वार, हा भारदस्त शब्द घेतला. 'फीट्स' बहुधा बोलीतून वर चढत आला असावा.

मग तो आला कुठून? सायकलीसाठीचा जुना फ्रेंच शब्द 'व्हेलोसिपेद' झिजून तो झाला, हे मत जुने आहे, पण मधल्या ध्वनींचा हिशेब नीट लागत नाही. 2012 मध्ये गेंट विद्यापीठाच्या गुन्नार द बूल आणि लुक द ग्राऊव यांनी जर्मन 'फीट्से-प्फेर्ड', म्हणजे बदली घोडा, ही व्युत्पत्ती सुचवली. 'उप' या अर्थाच्या जर्मन 'व्हिझे'चा उच्चार 'फीत्से' असाच होतो, आणि जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या मद्याला 'फीट्स' म्हणतात, ते द्राक्षमद्याचा पर्याय म्हणून, असे मानले जाते. ध्वनी आणि अर्थ दोन्ही इथे जुळतात, म्हणून मला हे मत अधिक पटते. मात्र सायकलीसाठी तो जोडशब्द प्रत्यक्ष वापरात होता, असा तत्कालीन लेखी दाखला पुढे येईपर्यंत त्यालाही अनुमानच म्हणावे लागेल.