खुलासा : घाटातल्या जाळीवरचा सेन्सर दरड ‘आधी’ सांगत नाही

‘दोन-तीनशे रुपयांचा सेन्सर जाळीला लावला की दरड कोसळण्याआधी मोबाइलवर इशारा येतो,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही.

सुटलेले दगड अडवायला उतारावर उभारलेल्या संरक्षक जाळीच्या खांबावर बसवतात तो कल मोजणारा सेन्सर. तो खांब किती झुकला, एवढंच सांगतो. चार मीटर उंच खांब ५ अंश कलला तर त्याचा शेंडा जवळपास ३५ सेंटिमीटर सरकलेला असतो. म्हणजे दगड येऊन आदळून गेलेला असतो. शिवाय दोन खांबांमध्ये जाळीला आलेलं पोट या सेन्सरला दिसतच नाही; त्यासाठी तारेचा ताण वेगळा मोजावा लागतो. आणि हो, जाळी फुगली म्हणजे ती निकामी झाली असंही नव्हे. वाकून, ताणून धक्का पचवणं हेच तिचं काम.

दुपारच्या उन्हात सेन्सरची डबी तापली की आकडा आपोआप सरकतो, म्हणून रात्रीच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघाव्यात.

तरीही हा सेन्सर हवाच. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. दरड पडल्याचं पुढच्या गाडीआधी कळणं, हाही जीव वाचवणाराच इशारा आहे.